दातापासून सुरुवात करा: चेनसॉ आणि स्टंप ग्राइंडरची निवड आणि निगा

चेनसॉ, म्हणजे दातांच्या साखळीची यांत्रिक करवत, घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतो. किती सीसी? बार, म्हणजे चेन जिच्यावरून धावते ती पट्टी, किती इंची? स्टंप ग्राइंडर, म्हणजे झाड तोडल्यावर उरलेला बुडखा दळून काढणारं यंत्र, घेणारा विचारतो, किती हॉर्सपॉवरचा? हे प्रश्न विचारायलाच हवेत, पण ते नंतरचे. लाकडाला प्रत्यक्ष भिडतो तो दात. इंजिन, क्लच, पट्टे, तेलाचा पंप ही सगळी यंत्रणा त्या इवल्याशा दाताला लाकडात नेण्यासाठी राबत असते. दात बोथट असेल तर ७० सीसीचं इंजिनही नुसता धूर काढतं. दाताला धार असेल तर ३५ सीसीची लहान करवतही लाकडात आपसूक उतरते. म्हणून इथे आधी दात पाहू, मग त्याला साजेसं यंत्र, आणि निगेचा विषय त्याच्या बरोबरीने.

चेनचा दात कापतो कसा

इंजिन बंद करा, हातमोजे घाला आणि चेन जवळून पाहा. दात दोन प्रकारचे दिसतील, एक उजवीकडे वळलेला, पुढचा डावीकडे, असे आलटून पालटून. प्रत्येक दाताला दोन कडा असतात. बाजूची उभी कड लाकडाचे तंतू तोडते. वरच्या पाटीची कड ते तुटलेले तंतू खालून उचलून ढलपी काढते. दाताच्या पुढे एक छोटा उंचवटा असतो, त्याला डेप्थ गेज किंवा रेकर म्हणतात. तो स्वतः काहीच कापत नाही, पण दाताने लाकडात किती खोल शिरायचं हे तोच ठरवतो. सुतार रंध्याचं पातं ठोकळ्याबाहेर किती काढायचं हे ठरवतो, तेच काम इथे रेकर करतो. बहुतेक चेनमध्ये दाताची कड आणि रेकरचा माथा यांत सुमारे ०.६५ मिमी फरक ठेवलेला असतो. दिसायला क्षुल्लक वाटणाऱ्या या फरकावर सगळी कापणी अवलंबून असते.

दाताचा हा आकार फार जुना नाही. आधीच्या चेनचे दात साध्या करवतीसारखे, लाकूड ओरबाडत जाणारे होते आणि त्यांना धार लावता लावता कामाचा बराच वेळ जाई. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात लाकूडतोडीचं काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये एका बुडख्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे जबडे इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले होते. ती डावी-उजवीकडे कापत, तंतूंच्या दिशेने आणि तंतूंच्या आडवीही तितक्याच सहज पुढे सरकत होती. त्यावरून त्यांनी डाव्या-उजव्या वळणाच्या दातांची चेन बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडमध्ये ती विकायला सुरुवात केली. आजच्या जवळजवळ सगळ्या चेन त्याच कल्पनेच्या लेकी आहेत.

आता धार लावण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दाताचं पोलाद इतकं मऊ असतं की साध्या कानशीने घासता येतं, पण त्याच्या बाहेरच्या बाजूला कठीण क्रोमचा पातळ मुलामा असतो. धार टिकते ती या मुलाम्यामुळे. चेन दगडाला किंवा मातीला लागली की कडेजवळचा मुलामा उडतो. मग वरवर दोनदा कानस फिरवून भागत नाही. जिथपर्यंत मुलामा उडालाय तिथपर्यंत दात मागे घासावा लागतो. नाहीतर धार लावल्यासारखी दिसते आणि दहा मिनिटांत जाते. ‘आत्ताच तर धार लावली होती’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

चेन निवडताना

चेनची ओळख तीन आकड्यांत असते: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं केलं की पिच मिळते. लहान करवतींवर ३/८ इंच लो-प्रोफाइल, मध्यमवर ०.३२५ इंच, मोठ्यांवर पूर्ण आकाराची ३/८ आणि अगदी थोराड यंत्रांवर ०.४०४ इंच पिचची चेन सर्रास दिसते. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी. ती बहुधा १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिमी असते. हे तिन्ही आकडे बारशी आणि स्प्रॉकेटशी, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी, जुळलेच पाहिजेत. १.३ ची चेन १.५ च्या खाचेत बसते खरी, पण ती कलते आणि तिरकी कापते. नुसतं ‘अठरा इंची चेन द्या’ म्हणून चेन घेऊ नये. एकाच लांबीच्या दोन बारना वेगवेगळ्या चेन लागू शकतात. बारवर कोरलेले आकडे वाचा, ते पुसले गेले असतील तर जुन्या चेनच्या ड्राइव्ह लिंक मोजा.

दाताच्या कोपऱ्याचा आकार हा चौथा मुद्दा, आणि तो बऱ्याचदा विचारातच घेतला जात नाही. चौकोनी, टोकदार कोपऱ्याचा दात म्हणजे फुल चिझल. स्वच्छ, ओल्या लाकडात तो फार वेगाने चालतो, पण किंचित माती लागली की त्याचं टोक लगेच जातं. कोपरा गोलसर असलेला सेमी-चिझल थोडा हळू कापतो, मात्र वाळलेल्या, टणक किंवा धुळकट लाकडात त्याची धार कितीतरी जास्त टिकते. जमिनीवर पडलेले ओंडके, जुनी वाळलेली खोडं, बुडखे असं काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सेमी-चिझलच घ्यावी. वेगाचा फायदा कागदावर राहतो आणि धार लावण्यात वाचलेला वेळ खरा असतो.

मग यंत्र

आता इंजिनाकडे येऊ. फांद्या छाटणं, सरपण तोडणं, वाऱ्याने पडलेलं लहान झाड मोकळं करणं एवढंच काम असेल तर ३५ ते ४० सीसीची करवत आणि १४-१६ इंची बार पुरतो. नियमित ओंडके कापायचे तर ५० सीसी आणि १६ ते २० इंच. मोठ्या खोडांसाठी ६०-७० सीसी आणि २० ते २५ इंच. त्यापुढची यंत्रं रोज तेच काम करणाऱ्यांची. बार लांब घ्यावा असा मोह होतो, पण बार वाढला की चेनचे दात वाढतात, घर्षण वाढतं, वजन पुढे झुकतं आणि धार लावायचा वेळही वाढतो. कापायचं खोड ज्या जाडीचं नेहमी भेटतं, तिच्यापेक्षा थोडा लांब बार पुरे.

बॅटरीवरच्या करवतींना आता खेळणं म्हणून हिणवायचं कारण राहिलेलं नाही. फांद्या आणि मध्यम ओंडक्यांसाठी त्या उत्तम. दोरी ओढून सुरू करणं नाही, धूर नाही, आवाज कमी, आणि दोन कापांमध्ये यंत्र पूर्ण शांत. दिवसभर जाड लाकूड कापायचं असेल तर मात्र बॅटऱ्यांचा ढीगच बाळगावा लागतो. आणि हे विसरू नये की बॅटरीच्या करवतीलाही चेनचं तेल लागतं, धारही लागते, आणि चेनला हात लावण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवावी लागते. ट्रिगरला चुकून बोट लागलं तरी ती चालू होऊ शकते.

मुठीचा प्रकारही पाहा. वरच्या बाजूला मूठ असलेली, आटोपशीर टॉप-हँडल करवत झाडावर दोराने बांधून काम करणाऱ्या प्रशिक्षित माणसासाठी बनवलेली असते. ती हलकी आणि सुटसुटीत दिसते म्हणून जमिनीवरच्या कामाला घेणं धोक्याचं आहे. तिच्या दोन्ही मुठी जवळ जवळ असतात, त्यामुळे बार उसळला तर आवरायला जोर मिळत नाही.

हे उसळणं, म्हणजे किकबॅक, नीट समजून घ्यायला हवं. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग फिरत्या चेनसह लाकडाला टेकला की दात लाकडात घुसण्याऐवजी अडकतो, आणि चेनचा सगळा जोर बारला वर आणि मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाकडे भिरकावतो. चेन सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने धावत असते. हे घडायला लागणारा वेळ माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा कमी असतो. म्हणून पुढच्या मुठीसमोरचा चेन ब्रेक झटक्याने आपोआप लागणारा असावा आणि तो दररोज तपासावा. डावा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळलेला असावा. करवत खांद्याच्या वर उचलून कापू नये. नवशिक्याने लो-किकबॅक चेनच वापरावी. आणि रेकर गरजेपेक्षा जास्त घासलेली चेन कोणत्याही करवतीला उसळवते, हे ध्यानात ठेवावं. बोथट चेनही घातकच, कारण मग माणूस दाबून कापू लागतो आणि काप संपताच यंत्र एकदम निसटतं.

अंगावरच्या कपड्यांबद्दल एवढंच की चेनसॉची पँट म्हणजे नुसतं जाड कापड नव्हे. आत लांब, सैल तंतूंचे थर असतात. चेन लागली की ते ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन थांबवतात. ईएन आयएसओ ११३९३ या मानकानुसार वर्ग १ ची पँट सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर तपासलेली असते, वर्ग २ ची २४ वर आणि वर्ग ३ ची २८ वर. एकदा कापली गेलेली पँट शिवून पुन्हा वापरायची नसते. शिवणीत तंतू अडकले की ते बाहेर ओढले जात नाहीत. हेल्मेट, जाळी, कानावरचे मफ आणि पुढे पोलाद असलेले बूट हे तर हवेतच.

धार लावताना

करवत कधी थांबवायची हे लाकडाचा भुसा सांगतो. चौकोनी, जाडसर ढलप्या पडत असतील तर चेन ठीक. बारीक पीठ पडू लागलं की ताबडतोब थांबावं. दाबल्याशिवाय पुढे जात नाही, कापाजागी धूर येतो, काप एका बाजूला वळतो, या सगळ्या पुढच्या पायऱ्या आहेत आणि तिथवर जाऊच देऊ नये. इंधनाची टाकी भरायला थांबलात की प्रत्येक दातावर दोन-तीनदा कानस फिरवायची सवय लावली तर चेन जास्त काळ टिकते, कारण दरवेळी फारच थोडं पोलाद घासलं जातं.

गोल कानशीचा व्यास पिचशी जुळलेला हवा. लो-प्रोफाइल ३/८ ला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी, पूर्ण ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमी. चेनच्या पाकिटावर तो लिहिलेला असतो. बार शिकंज्यात घट्ट धरा, चेन ब्रेक लावा, आणि सर्वांत जास्त झिजलेला दात शोधा. सुरुवात तिथून करायची, कारण बाकीचे सगळे त्याच्या लांबीला आणायचे आहेत.

कानस दाताच्या पोटात बसवा. तिच्या व्यासाचा सुमारे पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे. ती जास्त वर राहिली तर कड बोथट कोनाची होते, फार खाली गेली तर कड आकड्यासारखी होते. तशी कड पहिल्यांदा खूप छान चावते आणि लगेच मोडते. दाताच्या वरच्या पाटीवर मागच्या बाजूला एक तिरकी रेघ कोरलेली असते, तिला समांतर कानस धरायची. हा कोन बहुधा ३० किंवा २५ अंशांचा असतो. आतून बाहेरच्या दिशेने ढकला, परत आणताना उचला. मागे-पुढे घासली की कानशीचेच दात मरतात. दर दोन-तीन फटक्यांनी कानस थोडी फिरवा, म्हणजे ती सगळीकडून सारखी झिजते. आता दात उजेडात धरून पाहा. कडेवर पांढरी चमकणारी रेघ दिसत असेल तर तिथे अजून बोथटपणा आहे, कारण धारदार कडेवरून उजेड परावर्तित होत नाही. रेघ नाहीशी झाली की थांबा. एका बाजूचे सगळे दात झाले की करवत वळवून दुसऱ्या बाजूचे करा. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा एका बाजूला जोर जास्त पडतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी मोजून पाहावी. काप एका बाजूला वळण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

दात घासला की तो मागे जातो आणि त्याची वरची पाटी उताराची असल्यामुळे खालीही जातो. रेकर मात्र तेवढाच उंच राहतो. म्हणून तीन-चार वेळा धार लावल्यावर रेकर तपासावेच लागतात. मापपट्टी दातांवर ठेवा, तिच्या खाचेतून वर डोकावणारा रेकर सपाट कानशीने पट्टीबरोबर करा आणि पुढचा कोपरा पुन्हा गोलसर करा. रेकर कमी घासला तर दात धारदार असूनही पीठच पडतं. जास्त घासला तर करवत हिसके देते. दाताची पाटी सुमारे ४ मिमी उरली किंवा झीज दाखवणाऱ्या रेघेपर्यंत आली की ती चेन बाजूला काढायची.

बार, तेल, ताण

नवी चेन आणि झिजलेला बार हे लग्न जमत नाही. बारच्या कडांवर धातूची बारीक कोर वाढते, ती सपाट कानशीने काढून टाकावी. खाचेतला भुसा पातळ पट्टीने खरवडावा, तेलाचं भोक मोकळं करावं. आणि धार लावताना दरवेळी बार उलटा बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाच इतकी रुंद झाली असेल की चेन बोटाने कलवता येते, तर बार संपला. स्प्रॉकेट साधारण दोन चेनमागे बदलावं. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली की तिच्या ड्राइव्ह लिंकही त्याच बेताने खराब होतात.

चेनचं तेल वेगळं असतं. ते चिकट असतं, म्हणून वेगातही उडून जात नाही. गाडीचं काढलेलं जुनं तेल ओतण्याची पद्धत फार वाईट. त्यात धातूचे कण असतात, ते पंप खातात, आणि ते तेल शेवटी मातीत आणि तुमच्या कातडीवर जातं. तेल येतंय का हे पाहायला बारचं टोक एखाद्या फिकट लाकडावर थोडं वर धरून इंजिनाचा वेग वाढवावा. काही क्षणांत तेलाची रेघ उमटली पाहिजे. इंधनाची एक टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळपास रिकामी होत आली पाहिजे. ती भरलेलीच राहिली असेल तर बार कोरडा चाललाय.

ताण देताना बारचं टोक वर उचलून धरायचं, तसंच धरून नट आवळायचे. चेन खालच्या बाजूला लोंबू नये आणि हाताने सहज फिरावी. नवी चेन पहिल्या तासाभरात सैल पडते, ती पुन्हा पुन्हा पाहावी. काम संपवताना मात्र तापलेल्या चेनला दिलेला ताण थोडा कमी करून ठेवा, कारण थंड होताना चेन आखडते आणि बारवर, क्रँकच्या बेअरिंगवर उगाच ओढ बसते.

इंजिनाची निगा

दोन स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. ५०:१ म्हणजे एका लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. पुस्तिकेत जे प्रमाण असेल तेच, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं आणि कार्बोरेटरच्या पडद्यांना त्रास देतं, म्हणून मिश्रण महिनाभरात वापरण्याइतकंच करावं. करवत बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं.

हवेची गाळणी काढण्याआधी चोक बंद करा, म्हणजे भुसा कार्बोरेटरमध्ये पडत नाही. गाळणी मऊ ब्रशने किंवा साबणाच्या कोमट पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. दोरीच्या झाकणावरच्या फटी आणि सिलिंडरच्या पाकळ्यांमधला भुसाही काढा, इंजिन थंड ठेवणारी हवा तिथूनच जाते. प्लगची फट बहुतेक करवतींत ०.५ मिमी असते. रिकाम्या वेगावर चेन फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करावा, त्याने थांबली नाही तर क्लच दाखवावा. पूर्ण वेगाच्या स्क्रूला मात्र उगाच हात लावू नये. मिश्रणात पेट्रोल कमी झालं की तेलही कमी होतं, इंजिन काही काळ जोरदार वाटतं आणि मग पिस्टन चिकटतो.

बुडखा: इथे दुसऱ्या जातीचा दात लागतो

झाड गेलं तरी बुडखा राहतो. त्याला चेनसॉने जमिनीलगत आणता येतं, पण जमिनीच्या खाली चेनसॉ नेता येत नाही. क्षणभर माती लागली तरी क्रोमचा मुलामा जातो. स्टंप ग्राइंडर हा प्रश्न वेगळ्या दाताने सोडवतो. जाड पोलादी चाकावर टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेले दात बसवलेले असतात. टंगस्टन कार्बाइडचे सूक्ष्म कण कोबाल्टमध्ये बांधून हे टोक बनतं. ते पोलादापेक्षा कितीतरी कठीण असल्यामुळे माती त्याला लवकर झिजवत नाही. पण जे कठीण ते ठिसूळही. मोठा दगड, लोखंडी सळई, काँक्रीट यांवर आदळलं की त्याचा कपचा उडतो. चेनसॉचा दात माती लागून जातो आणि ग्राइंडरचा दात दगड लागून, एवढं लक्षात ठेवलं की या यंत्राची निम्मी निगा आली.

यंत्र निवडताना हॉर्सपॉवरच्या आधी मेजपट्टी काढा. दरवाज्याची, गल्लीची रुंदी किती, जमिनीचा उतार किती, वळायला जागा किती. हाताने ढकलायचे, दहा-पंधरा हॉर्सपॉवरच्या आसपासचे ग्राइंडर अरुंद जागेत जातात आणि मध्यम बुडख्यांना पुरतात, पण चालवणाऱ्याचा घाम काढतात. स्वतः चालणारे, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवरचे किंवा चाकांवरचे, पंचवीसपासून पाऊणशे हॉर्सपॉवरपर्यंतचे ग्राइंडर चाक हायड्रॉलिकने डावी-उजवीकडे फिरवतात. रोज बुडखे काढणाऱ्याने हेच घ्यावेत. ट्रॅक्टर आधीच असेल तर त्याच्या पीटीओवर, म्हणजे अवजारं चालवणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालणारा ग्राइंडर घेणं शहाणपणाचं, कारण दुसऱ्या इंजिनाची निगा वाचते. वर्षातून दोन-चार बुडखेच असतील तर विकत घेण्यात अर्थ नाही, भाड्याने आणावा. भाड्याचं यंत्र ताब्यात घेताना इंजिन बंद असताना चाक हळूच फिरवून प्रत्येक दात पाहावा. एखादा गायब, एखादा अर्धा, असं असेल तर तो ग्राइंडर नाकारावा.

काम सुरू करण्याआधी जमिनीखाली वीज, गॅस, पाणी, फोन यांच्या वाहिन्या कुठे आहेत हे संबंधितांकडून खात्रीने समजून घ्यायलाच हवं. याला कुठलाही अपवाद नाही. मग बुडख्याभोवतीची माती आणि दगड कुदळीने दूर करा आणि चेनसॉने बुडखा शक्य तितका खाली आणा. सालीत माती असते, ती कुऱ्हाडीने तासून काढली तर चेन वाचते. या कामासाठी एक जुनी चेन वेगळी ठेवावी, चांगली चेन इथे घालू नये.

ग्राइंडर चालवताना घाई केली की तो उड्या मारतो. चाक पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला टेकवावं. समोरच्या कडेपासून सुरुवात करून डावी-उजवीकडे झाडत थोडं थोडं खाली जायचं. यंत्र लहान असेल तर प्रत्येक थर दोन-चार सेंटीमीटरपेक्षा जाड नको. इंजिनाचा आवाज बसू लागला की मागे यावं आणि वेग परत येऊ द्यावा. चाक दगड आणि ढलप्या प्रचंड वेगाने फेकू शकतं, म्हणून यंत्राचे संरक्षक पडदे जागेवर हवेत, माणसं, गाड्या आणि काचा दूर हव्यात. इंजिन बंद केल्यावरही जड चाक बराच वेळ फिरत राहतं. ते थांबल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जवळ जाऊ नये.

किती खोल जायचं हे पुढे तिथे काय करायचंय यावर ठरतं. गवत लावायचं तर साधारण १५ सेंटीमीटर पुरे, झुडपं लावायची तर ३० किंवा जास्त. बांधकाम करायचं असेल तर नुसतं दळून भागत नाही. मुळं पुढे कुजतात आणि जमीन खचते, तिथे बुडखा मुळांसकट उकरूनच काढावा लागतो. काही झाडं मुळांतून पुन्हा फुटतात, त्यांची फूट ग्राइंडरने थांबत नाही, ती पुढे काही काळ काढत राहावी लागते. झाड मुळं कुजवणाऱ्या बुरशीने गेलं असेल तर ढलप्या तिथेच पसरू नयेत.

ग्राइंडरच्या निगेत दातांचे बोल्ट सर्वांत आधी येतात. रोज काम सुरू करण्याआधी प्लगची वायर किंवा बॅटरीची तार काढून प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतल्या मापाला आवळावा. एक दात सैल होऊन निघाला की त्याची बैठक लाकडावर घासून झिजते, चाकाचा तोल जातो, आणि ती थरथर बेअरिंगपर्यंत पोहोचते. बाजूचे दात आधी झिजतात, कारण डावी-उजवीकडच्या फेरीत कापण्याचं काम त्यांच्यावरच पडतं. काही चाकांवर गोल दात असतात, ते बोल्ट सैल करून थोडे फिरवले की नवी कड समोर येते. कार्बाइडला साध्या ग्राइंडिंग दगडाने धार लागत नाही. हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा किंवा हिऱ्याचा दगड लागतो, आणि उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असल्याने चांगला मास्कही. इथेही बोथटपणाची खूण तीच. ढलप्यांऐवजी पीठ पडतं आणि यंत्र लाकडावर नाचू लागतं.

इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा पट्टा सैल पडला की आधी किंचाळतो, मग त्याच्या बाजू चकाकू लागतात. दोन-तीन पट्टे जोडीने चालत असतील तर सगळे एकदम बदलावेत, नव्या-जुन्यांत भार सारखा वाटला जात नाही. चाकाच्या बेअरिंगना ग्रीस पुस्तिकेत सांगितल्याइतकंच द्यावं. जास्त दाबलं तर सील बाहेर येतं आणि मग धूळ आत जाते. हे यंत्र स्वतःच्याच धुळीत उभं असतं, त्यामुळे हवेची गाळणी आणि इंजिनाच्या पाकळ्या चेनसॉपेक्षाही जास्त वेळा साफ कराव्या लागतात. हायड्रॉलिक नळीतून तेल झिरपताना दिसलं तर गळती बोटाने शोधू नये. सुईएवढ्या भोकातून दाबाखाली येणारं तेल कातडीत शिरतं आणि वरून साधी टोचल्याची जखम दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावं, आणि दुरुस्तीआधी दाब पूर्ण उतरवावा.

दळून झाल्यावर ढलप्या आणि मातीचा ढीग बुडख्यापेक्षा कितीतरी मोठा निघतो. तो सगळा खड्ड्यात परत दाबू नका. लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव आसपासच्या मातीतला नत्र वापरून घेतात, त्यामुळे त्याच खड्ड्यात लावलेलं रोप पिवळं पडतं, आणि कुजेल तशी जमीनही खाली बसते. ढलप्या बाहेर काढून झाडांभोवती आच्छादनाला वापरा, खड्डा मातीने थोडा उंच भरा, आणि नवीन झाड लावायचंच असेल तर ते जुन्या जागेपासून थोडं बाजूला लावा.